तिसऱ्या गोळीनंतर काय?

दोन वेगवेगळ्या गोळ्या झाल्या, डोस वाढवून झाले, तरी महिन्यातून दोन-तीनदा फिट येतेच. अशा वेळी डॉक्टर बहुधा तिसरी गोळी लिहून देतात. ती घ्यायला हरकत नाही, पण चिठ्ठी हातात घेताना एक प्रश्न जरूर विचारा : ‘डॉक्टर, गोळ्यांखेरीज माझ्यासाठी आणखी काय करता येईल?’ मेंदूची शस्त्रक्रिया, किटोजेनिक आहार आणि व्हेगस नर्व्ह स्टिम्युलेशन, म्हणजेच व्हीएनएस, ही त्याची आजची मुख्य उत्तरे आहेत. हा लेख व्हीएनएसविषयी आहे. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात पाळीत काम करणाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना समोर ठेवून तो लिहिला आहे, कारण इथे फिटच्या आजाराला दोन गोष्टी जास्तीच्या येऊन चिकटतात : नाइट शिफ्ट आणि मशीन. या दोन्हींचा हिशेब न धरता महागडे यंत्र बसवले, तर पैसे जातात आणि फिट मात्र राहते.

औषधे खरेच हरली आहेत का?

इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी या जागतिक संघटनेने २०१० मध्ये एक व्याख्या ठरवून दिली. रुग्णाला सोसवणारी, त्याच्या आजाराला लागू पडणारी दोन औषधे पुरेशा डोसमध्ये आणि नियमितपणे देऊनही फिट थांबत नसेल, तर तो औषधांना दाद न देणारा अपस्मार. दोनच औषधे का? ग्लासगोच्या क्वान आणि ब्रॉडी यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याचे उत्तर मिळते. पूर्वी कोणताही उपचार न घेतलेल्या ४७० रुग्णांपैकी ४७ टक्क्यांची फिट पहिल्याच औषधाने थांबली. दुसऱ्या किंवा तिसऱ्या औषधाने आणखी १४ टक्क्यांना गुण आला. दोन औषधे एकत्र दिल्यावर भर पडली ती जेमतेम ३ टक्क्यांची. राहिलेले साधारण एक तृतीयांश रुग्ण गोळ्या बदलत बसतात आणि त्यात वर्षे निघून जातात.

मात्र व्याख्येतला ‘नियमितपणे’ हा शब्द आपल्या पट्ट्यात फार जड जातो. चिठ्ठीवर लिहिलेले असते ‘सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर’. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात ते जमते. नाइटच्या आठवड्यात माणूस सकाळी घरी येतो, दोन घास खाऊन झोपतो आणि दुपारी चारला उठतो. सकाळची गोळी राहून जाते किंवा दुपारी घेतली जाते, संध्याकाळची तिला येऊन भिडते. लेव्हेटिरासेटामसारख्या औषधाची रक्तातली पातळी सहा ते आठ तासांत निम्म्यावर येते. त्यामुळे एक डोस चुकला तरी फरक पडतो. उपाय साधा आहे. गोळी जेवणाला बांधू नका, घड्याळाला बांधा : पाळी कोणतीही असो, सकाळी आठ आणि रात्री आठ. मोबाइलवर गजर लावा, एक पट्टी डब्याच्या पिशवीत कायम ठेवा. हळूहळू विरघळणारी, दिवसातून एकदाच घ्यायची गोळी चालेल का, हेही डॉक्टरांना विचारा.

दुसरी गोष्ट झोप. अपुरी झोप हे फिट येण्याचे एक ठळक कारण आहे. त्यातही एक प्रकार नीट ओळखायला हवा. विशी-पंचविशीतला मुलगा रात्रपाळी करून किंवा जागरण करून उठतो आणि त्याचा हात अचानक झटका देऊन उडतो. चहाचा कप सांडतो, टूथब्रश सुटतो. ‘अशक्तपणा आहे’ म्हणून घरात कोणी त्याकडे बघत नाही आणि डॉक्टरांनाही सांगत नाही. पुढे एक दिवस मोठी फिट येते. हा ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी असू शकतो. यात कार्बामॅझेपिन किंवा फेनिटॉइनसारख्या प्रचलित गोळ्यांनी झटके वाढू शकतात. इथे औषध हरलेले नसते, चुकीचे निवडलेले असते. सकाळचे हे झटके सांगितले की योग्य औषध आणि पुरेशी झोप यांवर बहुतेकांचे भागते.

तिसरी गोष्ट, ती फिटच आहे का? रक्तदाब एकदम उतरून येणारी भोवळ, हृदयाच्या ठोक्यांतला बिघाड, मानसिक ताणातून येणारे झटके, हे सगळे बघणाऱ्याला फिटसारखेच दिसतात. घरातल्या कोणीतरी मोबाइलवर पूर्ण झटक्याचे चित्रीकरण केले, तर डॉक्टरांना त्याचा मोठा उपयोग होतो. डोळे उघडे होते की मिटलेले, झटके कोणत्या बाजूने सुरू झाले, किती वेळ चालले, हे त्यात कळते. पुढची पायरी व्हिडिओ ईईजी : रुग्णालयात दोन-चार दिवस राहून झटका आणि मेंदूच्या लहरी एकाच वेळी टिपायच्या. दारू सुरू असेल तर तेही लपवू नका.

आधी शस्त्रक्रियेचे विचारा

औषधे खरोखर हरली असतील, तरी लगेच व्हीएनएसकडे वळू नये. मेंदूत फिट एकाच जागेवरून उठत असेल आणि ती जागा काढून टाकता येण्याजोगी असेल, तर शस्त्रक्रियेने फिट कायमची थांबण्याची शक्यता व्हीएनएसपेक्षा खूप जास्त असते. कानशिलाच्या आतल्या बाजूला, टेम्पोरल लोबमध्ये पडलेला व्रण हे त्याचे नेहमीचे उदाहरण. कॅनडात झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे ८० रुग्ण होते. शस्त्रक्रियेच्या गटातले ५८ टक्के रुग्ण वर्षाअखेर शुद्ध हरपणाऱ्या फिटपासून मुक्त होते, नुसत्या औषधांच्या गटातले ८ टक्के.

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत अशा शस्त्रक्रिया १९९५ पासून होतात आणि महाराष्ट्रातूनही रुग्ण तिथे जातात. मुंबईत पालिकेच्या केईएम रुग्णालयात आणि पुण्यातल्या काही मोठ्या खासगी रुग्णालयांतही अपस्माराच्या शस्त्रक्रिया होतात. एमआरआय काढताना तो ‘एपिलेप्सी प्रोटोकॉल’चा आणि शक्यतो ३ टेस्लाच्या यंत्रावरचा आहे, याची खात्री करा. साध्या एमआरआयमध्ये लहान व्रण सुटू शकतो.

मग व्हीएनएस कोणासाठी? फिट मेंदूच्या अनेक जागांवरून उठत असेल, ती जागा बोलण्याच्या किंवा हातापायांच्या हालचालींच्या केंद्रावर असेल, शस्त्रक्रिया होऊनही फिट परत आली असेल, लेनॉक्स-गॅस्टॉटसारखा बालपणीचा अवघड अपस्मार असेल किंवा रुग्ण मेंदूच्या शस्त्रक्रियेला तयार नसेल, तर व्हीएनएस विचारात घेतात.

यंत्र करते काय?

व्हेगस ही मेंदूतून निघणारी दहावी नस. ती मानेतून खाली उतरते आणि हृदय, फुप्फुसे, जठर, आतडी यांच्यापर्यंत पोहोचते. तिच्यातले सुमारे ८० टक्के तंतू शरीराकडून मेंदूकडे निरोप नेतात. व्हीएनएस याच वाटेचा उपयोग करते. मानेत नसेला ठरावीक वेळाने सौम्य विद्युत स्पंदने दिली की ती मेंदूच्या बुंध्यातल्या केंद्रांपर्यंत जातात. तिथून नॉरॲड्रेनॅलिन आणि सेरोटोनिन या रसायनांचा प्रभाव मेंदूभर बदलतो. फिट येताना असंख्य पेशी एकाच तालात पेटतात. तो ताल जुळू न देणे, हा या उपचारामागचा विचार.

अमेरिकेत टेम्पल विद्यापीठाच्या जेकब झबारा यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांत याचा पाया घातला. माणसात पहिले यंत्र १९८८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात बसवले गेले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९७ मध्ये बारा वर्षांवरील रुग्णांसाठी मान्यता दिली आणि २०१७ मध्ये ही वयोमर्यादा चार वर्षांपर्यंत खाली आणली.

डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत, मनगटी घड्याळाच्या तबकडीएवढे यंत्र बसवतात. त्यातून निघालेली तार कातडीखालून मानेत नेऊन डाव्या व्हेगस नसेभोवती गुंडाळतात. उजवी नस टाळतात, कारण हृदयाच्या ठोक्यांवर तिचा अंमल जास्त असतो. शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन होते आणि एक ते दोन तास चालते. कवटी उघडावी लागत नाही.

किती फरक पडेल?

इथे अपेक्षा नीट ठेवायला हवी. व्हीएनएसने फिट पूर्ण थांबणारे थोडे, दहात एकाहूनही कमी. पण दीड-दोन वर्षांत साधारण निम्म्या रुग्णांच्या फिट निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी होतात. काहींची फिट तितक्याच वेळा येते, मात्र ती लवकर संपते आणि नंतरची गुंगी कमी राहते. मन प्रसन्न राहते असेही अनेक जण सांगतात. उलट काहींना काहीच उपयोग होत नाही, आणि तो कोणाला होणार हे आधी खात्रीने सांगता येत नाही. त्यामुळे ‘यंत्र बसले, गोळ्या बंद’ असे कोणी म्हटले तर विश्वास ठेवू नका. गोळ्या चालूच राहतात. पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या कमी होऊ शकतात.

फायदा हळूहळू वाढतो, हे घरच्यांनी पक्के लक्षात ठेवावे. तिसऱ्या महिन्यात ‘काही फरक नाही’ म्हणून पुढच्या तारखा चुकवल्या, तर यंत्र कमी करंटवरच अडकून राहते.

यंत्र बसल्यानंतरचे महिने

शस्त्रक्रियेनंतर साधारण दोन आठवड्यांनी यंत्र सुरू करतात. सुरुवात ०.२५ मिलीअँपिअरपासून. डॉक्टर छातीवर कपड्यांवरूनच एक कांडी धरतात, टॅबवर आकडा बदलतात आणि तुम्हाला थोडा वेळ बसवून ठेवतात. घशात गुदगुल्या होतात का, खोकला येतो का, आवाज बदलतो का, हे बघून मगच घरी सोडतात. दर आठवड्या-दोन आठवड्यांनी करंट असाच थोडा थोडा वाढवतात. पुष्कळांचा तो दीड ते दोन मिलीअँपिअरच्या आसपास स्थिरावतो. या फेऱ्यांसाठी सुट्टी लागणार, हे सुपरवायझरशी आधीच बोलून ठेवा. पुणे-नाशिक हायवेवरची गर्दी धरली, तर चाकणहून पुण्याची एक फेरी म्हणजे एक दिवस गेलाच.

नेहमीची मांडणी ३० सेकंद चालू, ५ मिनिटे बंद अशी असते. म्हणजे आठ तासांच्या पाळीत सुमारे ८७ वेळा आणि झोपेतसुद्धा. त्या ३० सेकंदांत आवाज घोगरा होणे, खोकला येणे, घसा आवळल्यासारखा वाटणे किंवा किंचित धाप लागणे हे नेहमीचे दुष्परिणाम. बहुतेकांत ते काही महिन्यांत कमी होतात. घोरण्याचा आणि झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असेल, तर तो वाढू शकतो, म्हणून आधीच सांगा. जखमेत पू होणे किंवा आवाज बराच काळ बसणे हे धोके कमी असले तरी आहेत.

सोबत एक चुंबक मिळते. ते मनगटावर किंवा पट्ट्याला लावायचे. फिट येणार अशी चाहूल लागली किंवा ती सुरू झाली, की ते छातीवरच्या यंत्रावरून एकदा फिरवायचे. त्याने एक जादा स्पंदन मिळते आणि काहींची फिट तिथेच आवरते. हेच चुंबक यंत्रावर धरून ठेवले, तर तेवढा वेळ यंत्र थांबते. देहू-आळंदीच्या या भागात भजन-कीर्तन करणारे पुष्कळ आहेत. अभंगाच्या मध्येच आवाज घोगरा होऊ नये म्हणून तेवढ्यापुरते यंत्र कसे थांबवायचे, हे डॉक्टरांकडून शिकून घ्या. मात्र भजन संपले की चुंबक आठवणीने काढा.

नव्या काही यंत्रांत आणखी एक सोय असते. फिटच्या वेळी अनेकांच्या हृदयाचे ठोके एकदम वाढतात, ते ओळखून यंत्र आपोआप स्पंदन देते. अंगमेहनतीच्या कामातही ठोके वाढतात, त्यामुळे काम करताना घसा वारंवार आवळल्यासारखा वाटला तर डॉक्टरांना सांगा. किती वाढ झाल्यावर यंत्राने जागे व्हायचे, हे बदलता येते.

कारखान्यात परतताना

जे चुंबक यंत्र थांबवते, त्याचे भाऊबंद कारखान्यात जागोजागी असतात. सरफेस ग्राइंडरचा मॅग्नेटिक चक, माल उचलणारे लिफ्टिंग मॅग्नेट, मोठ्या स्पीकरमागचे चुंबक यांपासून छातीचे यंत्र निदान २० सेंटिमीटर दूर राहिले पाहिजे. जोरदार मॅग्नेट असेल तर त्याहूनही जास्त. इंडक्शन फर्नेस, इंडक्शन हार्डनिंग, स्पॉट वेल्डिंग आणि आर्क वेल्डिंगच्या जागी काम असेल, तर कामावर जाण्याआधी मशीनचे नाव आणि फोटो डॉक्टरांना दाखवा आणि किती अंतर राखायचे ते लेखी घ्या. गेटवरच्या मेटल डिटेक्टरमधून नेहमीच्या चालीने जायला हरकत नाही, पण हातातला डिटेक्टर छातीवर धरू देऊ नका. यंत्राचे ओळखपत्र कायम खिशात ठेवा.

एक धोका सहज लक्षात येत नाही. उभे राहून पाठ किंवा खांदा दुखला की माणूस कोपऱ्यावरच्या फिजिओथेरपी सेंटरमध्ये जातो. तिथे शॉर्टवेव्ह डायथर्मी, मायक्रोवेव्ह डायथर्मी किंवा उपचाराचे अल्ट्रासाउंड देतात. व्हीएनएस असलेल्याने हे कधीही घेऊ नये, कारण तारेतून उष्णता पोहोचून नसेला इजा होऊ शकते. तपासणीची सोनोग्राफी चालते. एमआरआय मात्र काही अटींवर आणि यंत्र आधी बंद करूनच करता येतो.

यंत्र असो वा नसो, फिट ताब्यात नसेल तर पॉवर प्रेस, उंचावरचे काम, फोर्कलिफ्ट, क्रेन, भट्टीच्या तोंडाशी उभे राहणे आणि गाडी चालवणे टाळलेच पाहिजे. वाहन परवान्याच्या नमुना १ मध्ये अपस्माराविषयी थेट प्रश्न असतो, तिथे खोटे लिहू नका. आजार कंपनीच्या डॉक्टरांना सांगण्याची भीती समजण्यासारखी आहे, कंत्राटी कामगाराला तर जास्तच. तरीही न्यूरॉलॉजिस्टकडून ‘कोणते काम करू शकतो, कोणते नाही, रात्रपाळी का नको’ असे स्पष्ट पत्र घेऊन गेलात, तर क्वालिटी, पॅकिंग, स्टोअर अशा कामांवर बदली मागायला आधार मिळतो. आजार लपवून प्रेसवर उभे राहण्यात हात जाण्याचा धोका आहे.

सहकाऱ्यांनाही दोन गोष्टी शिकवा. मशीनजवळ फिट आली तर आधी लाल इमर्जन्सी बटण दाबायचे. मग माणसाला कुशीवर वळवायचे, कॉलर सैल करायची, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचे आणि घड्याळ बघायचे. कांदा-चप्पल हुंगवायची नाही, तोंडात चमचा घालायचा नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, पाणी पाजायचे नाही. फिट पाच मिनिटांहून जास्त लांबली किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर १०८ ला फोन करा.

पैशांचे गणित

यंत्र आयात केलेले असल्याने एकूण खर्च लाखांत जातो आणि त्यातला मोठा वाटा यंत्राचाच असतो. बॅटरी करंटनुसार काही वर्षांनी संपते आणि मग छातीवर छोटी शस्त्रक्रिया करून यंत्र बदलावे लागते, म्हणजे पुन्हा खर्च. त्यामुळे दुसऱ्या यंत्राचे पैसे कुठून येणार, हा विचार पहिले बसवण्याआधीच व्हायला हवा.

पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर सुरुवात तिथून करा. पात्रतेची वेतनमर्यादा २०१७ मध्ये महिना २१,००० रुपये झाली आणि कंत्राटी कामगारही त्यात येतात. ठेकेदार हप्ते भरतो का, ते तपासा. दवाखान्यातून चिंचवडच्या मोहननगर येथील कामगार विमा रुग्णालयात आणि तिथून गरज पडल्यास संलग्न सुपरस्पेशालिटी रुग्णालयात पाठवणी होते. पात्र कामगाराला आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळू शकते. कायम कामगारांनी कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये यंत्राची किंमत बसते का, हे एचआरकडून लेखी घ्यावे. स्वतः काढलेल्या पॉलिसीत अपस्मार वगळलेला असू शकतो, तेव्हा अटी वाचा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत तुमचा नेमका उपचार बसतो का, ते रुग्णालयातला आरोग्यमित्र सांगेल. तिथे शस्त्रक्रिया आणि यंत्र या दोन्हींबद्दल वेगवेगळे विचारा.

याआधी यातून गेलेल्या माणसांशी बोलणेही उपयोगी पडते. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी सुरू केलेला ‘संवेदना’ हा अपस्मार असलेल्यांचा मदतगट आहे. नोकरी, लग्न, शस्त्रक्रियेची भीती यांवर घरच्यांना तिथे मोकळेपणाने बोलता येते.

पुढच्या भेटीला जाताना

डॉक्टरांची वेळ कमी असते, म्हणून कागद तयार ठेवा. एका वहीत तीन महिन्यांच्या फिट लिहा : तारीख, वेळ, पाळी कोणती होती, झोप किती झाली, गोळी चुकली होती का. आजवर घेतलेल्या प्रत्येक औषधाचे नाव, सर्वांत जास्त डोस आणि ते का बंद केले, याची यादी करा. फिटचा व्हिडिओ आणि एमआरआयची सीडी सोबत घ्या, नुसता रिपोर्ट नको. मग पाच प्रश्न विचारा.

१. माझा अपस्मार कोणत्या प्रकारचा आहे आणि माझ्या गोळ्या त्याला योग्य आहेत का?

२. माझी फिट व्याख्येनुसार औषधांना दाद न देणारी ठरते का?

३. मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी माझी तपासणी झाली आहे का? नसेल तर ती कुठे करावी?

४. व्हीएनएस बसवले तर माझ्या बाबतीत किती फरकाची आशा धरावी, आणि दोन वर्षांत तो पडला नाही तर पुढे काय?

५. मी करतो ते काम, ते मशीन आणि ती पाळी या यंत्रासोबत चालेल का?

वहीतल्या नोंदींत बहुतेक फिट नाइटच्या आठवड्यातल्या निघाल्या, तर आधी पाळी बदलण्याचे पत्र मागा आणि तीन महिने वही पुढे लिहीत राहा. नियमित गोळ्या आणि पुरती झोप असूनही फिट येतच राहिली, तर चौथ्या गोळीची वाट न बघता अपस्मार केंद्राची चिठ्ठी त्याच दिवशी मागून घ्या.